फक्त आत येणारी पावलं

डॉक्टरांनी कुसुमला अजून बसायलाही सांगितलं नव्हतं. दार उघडून ती त्यांच्या टेबलापर्यंत चालत गेली, तेवढंच त्यांनी पाहिलं. तिचा डावा हात चालताना हलत नव्हता. कोपरात जरासा वाकून पोटाशी धरलेला, जणू त्यात कुणीतरी काही ठेवायला दिलं आहे. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि इंग्रजीत मला म्हणाले, "मिस्टर करंदीकर, हा पार्किन्सन्स डिसीज आहे."

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. मेंदूच्या तळाशी काही पेशी एक द्रव्य तयार करतात. ते द्रव्य कमी पडू लागलं की अंग ताठरतं, हात थरथरतो, प्रत्येक हालचाल मंद होते. "आजार लगेच जीव घेत नाही," ते म्हणाले. मी विचारलं, "बरा होतो?" त्यांनी माझ्याकडे न पाहता चष्मा पुसला आणि म्हणाले, "सांभाळता येतो."

बाहेर कोंदट प्रतीक्षागृहात बाकावर बसल्यावर कुसुमने विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं, "सांभाळता येतो." ती म्हणाली, "मग झालं तर. आजवर तुम्हाला सांभाळलंच की."

ज्यांच्या घरी हा आजार आला आहे किंवा पुढे येईल, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. माझा स्वभाव बोलका नाही. केंद्र सरकारच्या एका खात्याच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी गेली. त्यातली शेवटची वर्षं कलकत्त्यात. मूलबाळ नसल्यामुळे बदल्या आम्हाला कधी फार जड गेल्या नाहीत. घरात आम्ही दोघंच, आणि माझी पुस्तकं.

आजाराची पहिली खूण खरं तर पत्रांत दिसली होती. कुसुम कोल्हापूरला बहिणीला पत्रं लिही, त्यातलं अक्षर ओळीगणिक लहान होत जाई. शेवटच्या ओळी मुंग्यांच्या रांगेसारख्या. मी विचारलं तर म्हणाली, "कागद महाग झालाय ना, बारीक लिहिते." आम्ही हसलो. पुढे मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचलं, तेव्हा अक्षर लहान होणं हे त्यातलं नेहमीचं लक्षण म्हणून छापलेलं सापडलं.

पहिल्या वर्षी गोळ्यांनी बरं होतं. ट्रायहेक्झीफेनिडिल नावाचं औषध. त्याने थरथर कमी होते, पण तोंड कोरडं पडतं, कधी विसरायला होतं. कुसुम सारखी जिभेने ओठ ओले करी. पुढे लेव्होडोपा हे नवीन औषध आलं. मेंदूत जे द्रव्य कमी पडतं ते शरीराला याच्यापासून बनवता येतं, असं डॉक्टर म्हणाले. ते सहज मिळत नसे. मिळालं की तिला दोन-चार तास बरे जात, मळमळ मात्र फार होई. संपलं की पुन्हा वाट बघणं.

मग चालणं अडू लागलं.

याला 'फ्रीझिंग' म्हणतात. म्हणजे गोठणं. माणूस चालता चालता थांबतो आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पायात ताकद असते, मनात इच्छा असते, पण पहिलं पाऊल सुटत नाही. दारात, अरुंद बोळात आणि वळताना हे जास्त होतं. डॉक्टर म्हणाले, "मोकळ्या मैदानात त्या तुमच्यापेक्षा बऱ्या चालतील. त्यांची अडचण घरात आहे."

आणि आमचं घर म्हणजे सगळी अडचणच होती. बागबाजारच्या एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एकीतून दुसरीत जायचं. तांबडी सिमेंटची जमीन. दोन्ही खोल्यांत माझी पुस्तकांची कपाटं, त्यामुळे मधली वाट आणखी चिंचोळी झालेली. संडास-न्हाणीघर खोल्यांबाहेर, लांब व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला. मोकळं मैदान ट्रामने गाठायचं, आणि राजकीय मारामाऱ्यांच्या त्या दिवसांत आमच्या भागात संध्याकाळी कोण बाहेर पडत होतं? गल्लीत बाँबचा आवाज झाला की खिडक्या एकामागून एक बंद होत. अशा गावात, भर रस्त्यात पाय गोठणाऱ्या बाईला घेऊन कुठे जाणार?

मी कपाटं काढली. घरमालकिणीने खाली त्यांच्या एका ओलसर खोलीत जागा दिली. आम्ही त्यांना मासिमा, म्हणजे मावशी, म्हणत असू. त्या जाड, गोऱ्या, मोठ्याने बोलणाऱ्या. आम्ही मराठी म्हणून मला 'बर्गी' म्हणत, म्हणजे लुटायला आलेला मराठा स्वार. एके काळी मराठा स्वारांच्या भीतीने कलकत्तेकरांनी खंदक खणला तो इथूनच सुरू होत असे. पुस्तकांचे गठ्ठे जिन्यावरून उतरवताना मासिमा अर्ध्या हिंदीत, अर्ध्या बंगालीत ओरडल्या, "एवढा खंदक खणून अडवलं तुम्हाला, तरी वर येऊन बसलातच! आणि लुटीत आणलंत काय, तर पुस्तकं?"

कुसुम खाटेवरून म्हणाली, "मासिमा, ह्यांना दुसरं काही लुटता येत नाही."

पुस्तकं गेल्यावर पुढची खोली रिकामी झाली. मधोमध खाट आणि तिच्या चारही बाजूंनी फिरता येईल एवढी जमीन. पण कुसुमला खोलीत फिरायचं नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती, ती तिने मला स्पष्ट सांगितली होती. "मला भरवा, वेणी घाला, काय हवं ते करा. पण संडासला माझी मी जाईन." या आजारात प्रत्येक माणसाची अशी एक गोष्ट असते. ती कोणती ते विचारून घ्यावं.

सकाळ-संध्याकाळ मी होतो. मी ऑफिसात असताना मासिमा येत. दारात ती गोठली की कुणीतरी हात धरून हलकेच ओढायचं, मग पाऊल सुटे. मग व्हरांडाभर धरून न्यायचं आणि तिथे उभं राहायचं. मासिमा प्रेमाने करत. कुसुमला ते प्रेमच नको होतं.

कोजागरीच्या दिवशी बंगाली घरांत लक्ष्मीची पूजा असते. तांदळाच्या पिठाच्या पाण्याने जमिनीवर लक्ष्मीची पावलं काढतात. मूठ वळायची, तिची करंगळीकडची कड पिठात बुडवून टेकवायची, की तळवा उठतो. मग बोटाने अंगठा आणि बोटं. मासिमांनी त्या वर्षी मायेने न्हाणीघराकडच्या जिन्यापासून व्हरांडाभर आमच्याही दारातून आत पावलं काढली होती. मी कुसुमला न्हाणीघरातून परत आणत होतो. आदल्या दिवशी याच जागी ती बराच वेळ गोठून उभी होती. आज तिने खाली पाहिलं, पांढरी पावलं दिसली, आणि लक्ष्मीवर पाय पडू नये म्हणून तिने स्वतःचा पाय उचलला. मग दुसरा. माझ्या हातातून तिचा हात सुटला. एकेक पाऊल ओलांडत ती व्हरांड्यातून चालत गेली, उंबरठा ओलांडला आणि खाटेशी जाऊन उभी राहिली. तरुण बाई चालावी तशी.

मासिमांनी तोंडाला पदर लावला. "मा एशेछेन," त्या म्हणाल्या. देवी आली.

कुसुम वळू शकत नव्हती. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "अहो, मी चालले का?"

डॉक्टरांना सांगितलं. त्यांच्या ओपीडीत त्या दिवशी बाकांवर जागा नव्हती, लोक जमिनीवर बसले होते. ते म्हणाले, "छान. चालू ठेवा," आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं. मला तेवढं पुरेसं होतं. मी आनंदाने घरी आलो.

त्याच रविवारी मी मासिमांकडून मुठीने पाऊल उठवायला शिकलो आणि आमच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत, बाहेर जाणारी पावलं काढली. कुसुमला दारात आणून उभं केलं. तिने खाली पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

"पुसा ते," ती म्हणाली.

"का?"

"लक्ष्मी घराबाहेर चाललीय. माझ्या घरातून. आमच्याकडे गौरी आणताना आईने कधी एक पाऊल उलटं काढलेलं मी पाहिलं नाही."

तेवढ्यात मासिमा वर आल्या. "ओ मा! बर्गी, हे काय केलंत!" त्यांनी स्वतःच ओलं फडकं आणून पावलं पुसली, आणि पुसताना काहीतरी पुटपुटत होत्या.

मी म्हटलं, "मग आत येणारी पावलंच ओलांडत उलट जा."

"ती समोरून येणार आणि मी तिला तुडवत बाहेर जाणार?" कुसुम म्हणाली. "तुम्हाला एवढं वाचून काय कळलं हो?"

मी देवभोळा नाही. पण या घरात जे काही उरलं होतं ते तिचं होतं, आणि ती अशुभ मानते त्यावरून मी तिला चालवू शकलो नसतो. दर गुरुवारी मासिमा नवी पावलं काढू लागल्या, फक्त आत येणारी. म्हणजे कुसुम परत येताना चालत येई, आणि जाताना कुणीतरी ओढून नेई.

पावलं दारातून आत आली की पुढे कुठे जाणार? मासिमा ती खाटेशी संपवत. मी त्यांना म्हटलं, पुढे न्या, खाटेभोवती. म्हणजे बाहेर जायचा प्रश्नच येत नाही. अशी वाट तयार झाली. कोपरे मी गोल करून घेतले. एकदम वळायला लागलं की ती गोठे, पण वळण हळूहळू येत गेलं की तिला वळतो आहोत हे कळतसुद्धा नसे. "मी सरळच चाललेय," ती म्हणे. आणि चालत राही, सकाळी, दुपारी, खाटेच्या भोवती.

चौथ्या की पाचव्या दिवशी ती म्हणाली, "हा रंकाळाच झाला की."

कोल्हापूरला तिचं माहेर रंकाळ्यापासून जवळ. लग्नाआधी ती भावंडांबरोबर तळ्याला फेरी मारायला जाई. मग आमची फेरी रोज रंकाळ्याला होऊ लागली. ती पुढे, मी मागे. खाट म्हणजे पाणी. खिडकीशी म्हशी धूत असत. कपाट होतं त्या जागी दूधवाले म्हशी घेऊन उभे असत, गिऱ्हाईकाच्या समोर धार काढून पेला हातात देत.

"फेस आलाय बघा वरपर्यंत," ती म्हणे.

"मला नको. कच्चं दूध सोसत नाही."

"पुणेरी पोट तुमचं. बाजूला व्हा, म्हैस येतेय."

मी खरोखर बाजूला होई. दिवे गेले, आणि ते त्या वर्षांत रोज संध्याकाळी जात, की पावलं दिसेनाशी होत आणि ती जागच्या जागी थांबे. मग मी अंधारात पुढचा काठ सांगत असे. इथे दगडी पायरी, इथे वारा जास्त आहे, इथे मुलं भेळ खात आहेत. कधी त्या बोलण्यावर पाऊल सुटे, कधी नाही. तिचा चेहरा दिसत नसे, पण आवाजावरून ती तिथेच आहे हे कळे. मला त्या घरात इतकं सुख त्यापूर्वी कधी झालं नव्हतं, हे लिहिताना हात थांबतो. कारण त्याच दिवसांत दुसरी गोष्ट चालली होती, ती आम्हाला दिसत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात तिला ताप आला. आधी हिवताप वाटला. तिसऱ्या दिवशी ती मला ओळखेना. तिला एका मोठ्या सरकारी इस्पितळात दाखल केलं. स्त्रियांच्या वॉर्डात खाटा भरल्या होत्या, दोन दिवस ती जमिनीवरच्या गादीवर होती. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे. मी बाहेरच्या व्हरांड्यात उभा राहत असे, कारण बाकावर एकदा बसलं की उठल्यावर जागा जाई, आणि बसून तरी काय करणार?

निदान 'युरिनरी इन्फेक्शन' निघालं, म्हणजे मूत्रमार्गातला संसर्ग. तो रक्तात पसरला होता. वॉर्डातला तरुण हाउस फिजिशियन, म्हणजे इस्पितळातच राहणारा शिकाऊ डॉक्टर, मला बाजूला घेऊन म्हणाला, "पेशंट पाणी किती प्यायच्या?"

मला सांगता येईना. मासिमा माझ्याबरोबर होत्या. त्या खाली बघत म्हणाल्या, "पीत नसे. दुपारी मी द्यायची, ती ओठ ओले करून परत द्यायची. म्हणायची, पाणी प्यायलं की जावं लागतं."

त्या कोरड्या तोंडाने, त्या कलकत्त्याच्या उन्हाळ्यात.

शिकाऊ डॉक्टरने विचारलं, "स्वतः जाता येत नव्हतं?" मी त्याला सगळं सांगितलं, पावलांचंही. तो लक्ष देऊन ऐकत होता, आणि मग साधेपणाने म्हणाला, "पण पावलंच कशाला हवीत? कुठल्याही आडव्या रेघा चालतात. पांढऱ्या पट्ट्या, दोरी, काहीही. पायाला ओलांडायला काहीतरी दिसलं की झालं. लक्ष्मीशी त्याचा काही संबंध नाही."

मासिमा त्याच्याकडे बघत राहिल्या. मी एवढंच विचारलं, "रेघेला दिशा नसते?"

त्याला प्रश्न कळला नाही. "नसते," तो म्हणाला.

आम्ही तिघंही वेडी नव्हतो. कुसुम माझ्यापेक्षा हुशार होती, मासिमांनी मोठं कुटुंब चालवलं होतं, मी आयुष्यभर पुस्तकांत होतो. पण त्या कोजागरीला देवी आली होती. ती पावलं नसून नुसता पांढरा रंग आहे, असं आमच्यापैकी कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं.

त्या दुपारी मी पांढरा तैलरंग आणि ब्रश घेतला. दारापासून न्हाणीघरापर्यंत, तिच्या पावलाच्या अंतराने, जमिनीवर आडव्या पट्ट्या ओढल्या. मासिमा मोजपट्टी धरून बसल्या. जमीन त्यांची, रंग कधी निघणार नव्हता. "सरळ ओढा, बर्गी," एवढंच एकदा म्हणाल्या.

कुसुम घरी आली ती निम्मी होऊन. इतके दिवस अंथरुणात राहिलं की या आजारात स्नायू फार लवकर जातात. पाय काडीसारखे झाले होते. डॉक्टर म्हणाले, "उभं करा, पण आशा फार ठेवू नका." काही दिवस ती नुसती खाटेवर बसे. मी रंकाळा सुरू करून पाहिला. ती म्हणाली, "राहू दे."

मग एका सकाळी औषध लागू पडलेलं होतं, त्या वेळी ती म्हणाली, "मला दारात न्या." मी नेलं. तिने पट्ट्या पाहिल्या. पार दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं.

"कुणी सांगितलं?"

"इस्पितळातल्या डॉक्टरने."

"एवढंच होतं होय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"हात सोडा," ती म्हणाली.

मी सोडला. तिने पाय उचलला. दुसरी पट्टी, तिसरी. मध्ये कठड्याला धरून थांबली, पुन्हा निघाली. मी मागे गेलो नाही, ते मला कसं जमलं कोण जाणे. खालच्या अंगणात मासिमा बादली हातात घेऊन वर बघत उभ्या होत्या. कुसुम टोकाला पोचली, आत गेली, दार लोटलं, आणि आतून कडी लावली.

तो आवाज मी ऐकला. पडली असती तर मला दार फोडावं लागलं असतं. तरी मी आमच्या खोलीच्या दारातच उभा राहिलो.

ते एकदाच झालं. त्या आठवड्यात तिला न्यूमोनिया झाला, म्हणजे फुप्फुसांत पाणी आणि पू. छाती ताठरलेली असते, खोकून ते बाहेर टाकता येत नाही. पुन्हा तेच इस्पितळ, तोच वॉर्ड. यावेळी खाट मिळाली. तिथेच ती गेली. तो शिकाऊ डॉक्टर आला होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या पेशंटकडे गेला.

तुमच्या घरी हा आजार असेल तर तुम्ही माझ्यासारखंच वाचाल, विचाराल, प्रयोग कराल. एखादा प्रयोग यशस्वी होईल, आणि त्या आनंदात तुम्हाला वाटेल की सगळं जमलं. तेव्हा त्यांना विचारा की आज पाणी किती प्यायलात, आणि कमी का. उत्तर मिळेपर्यंत उठू नका. याहून जास्त शहाणपण माझ्याकडे नाही. मला धीर देता येत नाही. हा आजार माणसाला थोडं थोडं करून नेतो, आणि आपण जे शिकतो ते बहुतेक उशिरा शिकतो.

लोक म्हणतात, तुम्ही फार केलंत. मी मान हलवतो. मी काय केलं ते मला माहीत आहे. पण लोखंडी कडी कोयंड्यात बसल्याचा तो आवाज मला मिळाला. आत ती एकटी होती, तिला हवं होतं तसं, आणि त्या दाराबाहेर कुणीही उभं नव्हतं. मी अजून त्याच घरात राहतो. दुसरीकडे बदली मागता आली असती. मागितली नाही.